खोके उचलणारा व्हॅक्यूम रोबोट बसवायचाय? आधी खोका तपासा

पॅकिंग लाइनच्या शेवटी, पॅलेटजवळ (ज्या चौकटीवर खोके रचतात तिच्याजवळ) उभं राहून एकदा मोजा. मी मोजलं होतं. मिनिटाला ६ खोके, एक खोका १२ किलोचा. साडेसात तासांच्या शिफ्टमध्ये २,७०० खोके, म्हणजे ३२ टनांवर माल. दोघांत वाटला तरी माणशी १६ टन, आणि तोही मे महिन्यात, पत्र्याच्या शेडखाली. तिसऱ्या आठवड्यात माणूस गावी जातो तो परत येत नाही. त्याला बोल लावण्यात अर्थ नाही.

नागपूरजवळ बुटीबोरीतल्या आमच्या पॅकिंग युनिटमध्ये हे काम आता रोबोट करतो. सक्शन कपांनी खोका वरून धरतो आणि पॅलेटवर रचतो. पहिले चार महिने मात्र आमची झोप उडाली होती. रोबोट ठीक चालत होता. घोळ निघाले ते खोक्यात, हवेत आणि आम्हीच लिहिलेल्या ऑर्डरच्या कागदात. हिंगण्याच्या आणि कळमेश्वरच्या ओळखीच्या लोकांनी फोनवर तेच तेच प्रश्न विचारले, म्हणून एकदाचं सगळं लिहून काढतोय.

१. रोबोट लागतो का, ते आधी ठरवा

एकाच मापाचा किंवा तीन-चार ठरलेल्या मापांचा खोका, ठरलेल्या जागी, दोन शिफ्ट येत असेल तर रोबोट शोभतो. दर तासाला माप बदलतं, खोके वेडेवाकडे येतात, मिनिटाला दोनच खोके होतात, असं असेल तर व्हॅक्यूम ट्यूब लिफ्टर बघा. वरच्या रुळावरून लोंबणारी घडीची नळी आणि खाली सक्शन पॅड. वजन व्हॅक्यूम उचलतो, माणूस फक्त वळवतो. वाडीच्या गोदामांत ट्रक उतरवायला मी तरी हाच घेईन. किंमत रोबोटच्या कितीतरी खाली, आणि शिकायला एक दिवस पुरतो. विक्रेता हे आपणहून सांगणार नाही.

२. खोक्याची कुंडली काढा

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच, आणि सगळे जण नेमकी हीच गाळतात.

सक्शन कप म्हणजे जादू नव्हे. कपातली हवा काढली की बाहेरची हवा खोक्याला कपावर दाबून धरते. काच, पत्रा, लॅमिनेटेड खोका असेल तर हवा आत शिरत नाही आणि पकड घट्ट बसते. आपला रोजचा कोरुगेटेड खोका मात्र श्वास घेतो. रिसायकल क्राफ्टचा कागद सच्छिद्र असतो. हवा वरच्या पदरातून शिरते, आतल्या नागमोडी पदरातून पळते, कापलेल्या कडेतून आणखी येत राहते. कप ओढत राहतो आणि खोका पुरवत राहतो.

घरचा प्रयोग करा. ६० मिलिमीटरचा एक बेलोज (घड्यांचा) कप, एक छोटा इजेक्टर (कॉम्प्रेसरच्या हवेवर व्हॅक्यूम तयार करतो तो) आणि एक व्हॅक्यूम गेज एवढंच सामान लागतं. कप आधी गुळगुळीत पत्र्यावर लावून आकडा बघा, मग खोक्यावर लावा. आमच्याकडे पत्र्यावर ७५ टक्क्यांच्या वर व्हॅक्यूम मिळत होता. एका पुरवठादाराच्या फाइव्ह प्लाय (पाच पदरी) खोक्यावर ३८ मिळाला, आणि दुसऱ्याच्या, दिसायला अगदी तशाच खोक्यावर २१. भाव सारखा, छपाई सारखी, पकड निम्मी. हा प्रयोग मी ऑर्डर दिल्यावर केला. तुम्ही आधी करा.

खोक्याच्या तीन जागा नीट बघा:

- वरची फट. दोन फ्लॅप जिथे भेटतात तिथे टेपखाली पोकळी असते. त्या रेषेवर कप बसला की व्हॅक्यूम गेला. कपांची मांडणी फट टाळून करायची.
- टेप. वरून उचलताना खोक्याचं सगळं वजन फ्लॅप आणि टेपवर लटकतं. आमच्याकडे एका दुपारी टेप सुटली, फ्लॅप कपांना तसेच चिकटून वर गेले आणि पाकिटांचा सडा कन्व्हेयरवर पडला. उन्हाळ्यात स्वस्त टेपचा गोंद ढिला पडतो. टेप एच आकारात (मधल्या फटीवर आणि दोन्ही कडांवर) मारा, नाहीतर हॉट मेल्ट, म्हणजे गरम करून लावायच्या गोंदावर या.
- वरचा कागद. एप्रिलमध्ये डक्ट कूलर सुरू झाले आणि दुपारनंतर खोके पडायला लागले. दोन दिवस आम्ही इजेक्टर उघडून बसलो. मग लक्षात आलं की रिकाम्या खोक्यांची थप्पी नेमकी कूलरच्या तोंडासमोर लावलेली. ओल्या हवेने पुठ्ठा मऊ पडला होता, आणि कप उचलताना वरचा कागद पापडासारखा सोलून कपाला चिकटून येत होता. थप्पी हलवली आणि प्रश्न मिटला. पावसाळ्यात हाच त्रास जमिनीवर ठेवलेल्या खोक्यांना होतो. लाकडी पॅलेटवर ठेवा.

३. कप किती आणि केवढे, हिशेब स्वतः करा

विक्रेत्याचा हिशेब तपासण्यापुरतं गणित यायलाच हवं. कारखान्यातल्या किलोच्या भाषेत सांगतो.

वातावरणाचा दाब साधारण दर चौरस सेंटिमीटरला १ किलो. ३० टक्के व्हॅक्यूम म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला ०.३ किलो. ६० मिलिमीटर कपाचं क्षेत्रफळ २८ चौरस सेंटिमीटर, म्हणजे एका कपाची पकड साधारण ८.४ किलो.

आता खोका १२ किलोचा. रोबोट झटक्याने वर उचलतो तेव्हा तो दीडपट जड होतो: १८ किलो. त्यावर सुरक्षिततेसाठी दुप्पट: ३६ किलो. ३६ ला ८.४ ने भागा, ४.३ येतात, म्हणजे कमीत कमी ५ कप. मांडणी सारखी यावी म्हणून ६ घ्या. खोका कुशीतून, म्हणजे उभ्या बाजूने धरायचा असेल तर दुप्पट पुरत नाही, चौपट धरतात, कारण तिथे नुसतं घर्षण खोका सांभाळतं.

बेलोज कपाची खरी पकड क्षेत्रफळाच्या हिशेबापेक्षा कमी भरते. कॅटलॉगमधला आकडाच अंतिम धरा. (आपलं नागपूर समुद्रसपाटीपासून ३१० मीटरवर, त्यामुळे हवेचा दाब तीन-चार टक्के कमी. हिशेबात फरक पडत नाही, पण विक्रेता फारच भाव खायला लागला तर विचारून बघा.)

कपाचं रबर: पुठ्ठा रबराला कानशीसारखा घासतो, म्हणून खोक्यांसाठी पॉलियुरेथेन टिकतं. नायट्राइल स्वस्त, पण लवकर गुळगुळीत होतं. सिलिकॉन अन्नाला आणि उष्णतेला चांगलं, पण छापील पृष्ठावर डाग उमटवू शकतं.

मापं बदलत असतील तर कपांऐवजी फोम ग्रिपर बघा (ग्रिपर म्हणजे रोबोटच्या हाताला लागणारी पकड). खाली सच्छिद्र फोमची गादी, तिला अनेक भोकं आणि प्रत्येक भोकाला झडप. ज्या भोकाखाली खोका नाही ते बंद होतं, बाकीची धरतात. सुटे कप घेतलेत तरी दोन-तीन वेगळे झोन पाडून मागा. सगळे कप एकाच नळीवर असतील तर एका कपाची गळती बाकीच्या पाचांनाही घेऊन बुडते.

४. हवा: इथे पैसा गळतो

व्हॅक्यूम दोन प्रकारे तयार होतो. इजेक्टरमध्ये कॉम्प्रेसरची हवा बारीक नोझलमधून जोरात सोडतात आणि ती आजूबाजूची हवा ओढून नेते. ब्लोअर किंवा पंप विजेवर चालतो, त्याला कॉम्प्रेस्ड हवा लागत नाही.

इजेक्टर हलका, स्वस्त, ग्रिपरवरच बसतो. पण २ मिलिमीटरचं एक नोझल ५ बारला मिनिटाला २०० लिटरच्या वर हवा पितं, म्हणजे ७-८ सीएफएम (मिनिटाला घनफूट). कॉम्प्रेसरचा एक एचपी साधारण ४ सीएफएम देतो, तेव्हा एका नोझलमागे जवळपास २ एचपी गेले. चार नोझल असले तर ८ एचपी, आणि हा कॉम्प्रेसर आधीच पॅकिंग मशीनना हवा देत असतो.

इथला मोठा सापळा म्हणजे एअर सेव्हिंग. ठरलेला व्हॅक्यूम आला की इजेक्टर हवा बंद करतो, असं कॅटलॉग सांगतं आणि ते खरं आहे, पत्र्यासाठी. आपल्या गळक्या खोक्यावर तो क्षणात परत सुरू होतो. बचतीचा तो आकडा कोटेशनमधून खोडून मग खर्च मांडा.

सच्छिद्र खोक्याला खोल व्हॅक्यूमपेक्षा जास्त प्रवाह लागतो. २०-३० टक्केच व्हॅक्यूम, पण भरपूर हवा ओढणारा साइड चॅनल ब्लोअर तिथे वरचढ ठरतो. दिवसभर चालणाऱ्या लाइनसाठी आम्ही आठ महिन्यांनी ब्लोअरवर आलो. आवाज जास्त, मोठी नळी रोबोटच्या हातावरून न्यावी लागते, पण कॉम्प्रेसर मोकळा झाला.

इजेक्टरच घेणार असाल तर दाब टाकीवर नव्हे, ग्रिपरपाशी मोजा, तोही हवा चालू असताना. आमच्या टाकीवर ६ बार दिसायचा आणि इजेक्टरच्या तोंडाशी ४.१. मधली नळी बारीक होती. १०० रुपयांच्या गेजने पंधरा दिवसांचं भांडण मिटवलं.

धूळ विसरू नका. खोक्यांचा कागदी भुसा फिल्टरमध्ये आणि इजेक्टरच्या सायलेन्सरमध्ये साचतो आणि व्हॅक्यूम हळूहळू उतरत जातो. सरळ आरपार जाणारा सायलेन्सर मागा, तो तुंबत नाही.

५. आता रोबोट

पेलोड म्हणजे खोका अधिक ग्रिपर अधिक नळ्या. युनिव्हर्सल रोबोट्सच्या यूआर१०ई ची क्षमता १२.५ किलो आहे. १२ किलोचा खोका बसला असं वाटतं, पण ५ किलोचा ग्रिपर लावला की १७ झाले. त्याच कंपनीचा यूआर२० निदान वीस किलो उचलतो, तो पुरेल. पण त्याची पोहोच १.७५ मीटर, म्हणजे उंच थर रचायला खाली वर-खाली होणारा खांब लागेल. मोठ्या लाइनसाठी चार अक्षांचे पॅलेटायझर, म्हणजे पॅलेट रचायचेच खास रोबोट असतात. एबीबीचा आयआरबी ४६० घ्या, ११० किलो उचलतो आणि २.४ मीटर पोहोचतो. एका वेळी दोन-तीन खोके उचलायचे असतील तर त्याच रांगेत बघा.

लोड डायग्राम मागा. वजन मनगटापासून जितकं लांब, तितकी क्षमता कमी. नुसत्या किलोंवर सही करू नका.

आणि नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सगळ्यात कडक नऊ दिवस, लक्षात ठेवा. बहुतेक रोबोट आणि त्यांचे कंट्रोलर साधारण ४५ अंशांपर्यंतच्या हवेसाठी बनतात. मे अखेरीस नागपूरची सावलीच तिथे पोहोचते; पत्र्याखाली, पॅनलच्या बंद पेटीत काय होत असेल ते सांगायला नको. पॅनलला एसी लावून घ्या, नुसत्या पंख्यावर भागवू नका. कॉम्प्रेसर आणि एअर ड्रायरही याच दिवसांत दमतात, म्हणून ते शेडच्या पश्चिमेच्या भिंतीला चिकटवू नका.

६. ऑर्डरआधी गोळा करायचे कागद आणि सामान

- प्रत्येक मापाच्या खोक्याचं ड्रॉइंग: लांबी, रुंदी, उंची, प्लाय, जीएसएम (कागदाचं दर चौरस मीटरला ग्रॅममध्ये वजन), भरलेलं वजन
- प्रत्येक पुरवठादाराचे ३०-४० भरलेले, टेप मारलेले खोके. नवे कोरे नव्हे, लाइनवरून उचललेले
- लाइनचा वेग, सरासरी आणि सर्वात जास्त, दोन्ही
- पॅलेटचं माप (१२०० बाय १००० असेल तर तसं) आणि थर रचण्याची चित्रं
- शेडचा नकाशा, खांब आणि फोर्कलिफ्टचा रस्ता दाखवून
- कॉम्प्रेसरचा सीएफएम, सध्याचा वापर, वीजभार
- लाइनचा दहा मिनिटांचा न कापलेला व्हिडिओ. अडखळणारे खोके त्यात दिसले पाहिजेत

पुरवठादाराच्या शॉपमध्ये होणारी चाचणी आपल्याच खोक्यांवर, सलग दोन तास, असं ऑर्डरमध्ये लिहा. आम्ही ते लिहिलं नव्हतं. चाचणी झाली ती त्यांच्याकडच्या चकचकीत लॅमिनेटेड खोक्यांवर, एकही पडला नाही, टाळ्या झाल्या. माल इथे आला, पहिल्या तासात अकरा खोके पडले.

आणखी चार गोष्टी लेखी घ्या: प्रोग्रामचा बॅकअप आणि पासवर्ड आपल्या ताब्यात, नवं माप शिकवण्याचं प्रशिक्षण आपल्या दोन माणसांना, कप, फिल्टर आणि व्हॅक्यूम सेन्सरचे सुटे भाग पहिल्याच खेपेत, आणि बंद पडल्यावर किती तासांत माणूस येणार. आपल्याकडे येणारा इंजिनिअर बहुतेकदा पुण्याहून रात्रभर प्रवास करून येतो. ‘२४ तासांत’ हे शब्द प्रवास धरून की सोडून, ते आधीच विचारा.

७. कुंपण, वीज आणि माणसं

वीज गेली की व्हॅक्यूम गेला आणि खोका खाली. ग्रिपरवर नॉन रिटर्न व्हॉल्व्ह (हवा उलटी येऊ न देणारी झडप) आणि छोटी व्हॅक्यूम टाकी असेल तर काही सेकंद मिळतात. गळक्या खोक्यावर ती सेकंदं फारच थोडी असतात. म्हणून रोबोटच्या वाटेखाली माणूस येताच कामा नये. जाळीचं कुंपण, दाराला इंटरलॉक (दार उघडलं की रोबोट थांबतो), पॅलेट बाहेर काढायच्या बाजूला लाइट कर्टन (प्रकाशकिरण अडले की रोबोट थांबवणारा). कोबॉट (माणसांशेजारी काम करायला बनवलेला रोबोट) आहे म्हणून कुंपण नको, असं कोणी सांगितलं तर लेखी जोखीम मूल्यमापन मागा. हात मवाळ असला तरी उंचीवरून पडणारा १२ किलोचा खोका मवाळ नसतो. कोटेशनमध्ये रोबोट सुरक्षेच्या आयएसओ १०२१८ या मानकाची २०११ ची आवृत्ती लिहिली असेल तर २०२५ ची नवी आली आहे, ती लिहून घ्या.

माणसांशी आधी बोला, मशीन आल्यावर नाही. चढउताराचे कामगार माथाडी मंडळाकडे नोंदलेले असतील तर १९६९ च्या माथाडी कायद्याखाली ते प्रकरण येतं. मंडळाला आणि टोळीच्या मुकादमाला अंधारात ठेवून मशीन आणलं तर पहिल्याच दिवशी गेट बंद होतं. आमच्या पॅलेटवरच्या दोघांपैकी एक आता रोबोटचा ऑपरेटर आहे, दुसरे काका खोक्यांची तपासणी करतात.

८. पहिले तीस दिवस

पहिल्या आठवड्यात वेग ६० टक्के ठेवा, रोज थोडा वाढवा. व्हॅक्यूम सेन्सरची मर्यादा खोक्यानुसार लावा. ३८ टक्के मिळणाऱ्या खोक्याला ३५ ची मर्यादा लावली तर रोबोट सारखा थांबेल. १५ लावली तर खोका हवेतच सुटेल. आम्ही २५ वर स्थिरावलो, आणि २१ वाला पुरवठादार बंद केला. सोडताना फुंकर द्यायची सोय घ्या, नाहीतर खोका कपाला चिकटून तिरका बसतो आणि वरचे थर कलतात.

खोका पाच-सहा सेंटिमीटर सरकून आला तर काय, हे मुद्दाम सरकवून बघा. आमच्या काकांनी पहिल्याच दिवशी ओळखलं होतं: “साहेब, याले खोका कुठं दिसून राहिला? हा नुसता जागेवर जाऊन राहिला.” बरोबरच होतं. कॅमेरा नसेल तर रोबोट फक्त ठरलेल्या जागी जातो, म्हणून कन्व्हेयरवर खोका सरळ करून थांबवणाऱ्या पट्ट्या आणि स्टॉपर पक्के हवेत. कॅमेऱ्यावर लाख घालण्याआधी पट्टीवर हजार घालून बघा.

रोज सकाळी पाच मिनिटं: कपांच्या कडा बोटाने चाचपा, व्हॅक्यूम फिल्टरचा भुसा झटका, कॉम्प्रेसरच्या हवेच्या फिल्टरमधलं पाणी काढा, गेजचा आकडा वहीत लिहा. आकडा आठवड्यात तीन-चार टक्के उतरला की कप बदलायची वेळ झाली. काकांना वही लागत नाही. ते कुंपणाबाहेर उभे राहून नुसतं ऐकतात आणि म्हणतात, “तिसरा कप सूं सूं करून राहिला.” आणि तिसऱ्या कपाची कड खरंच चिरलेली असते.